कॅरिअर बदलूनही खांदे दुखतात, बाळ घसरतं: नवा घेण्याआधी काय तपासायचं

बाळाला छातीशी बांधून घ्यायचा कॅरिअर घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं म्हणणं बहुधा एकच असतं: "मावशी, पट्टा लई रुततोय, आत जरा फोम घालून द्या की." मी सोलापूरच्या पूर्व भागात शिवणकाम करते. कापड, टाका आणि पट्टा हे माझं रोजचं काम, त्यामुळे कॅरिअर त्रास द्यायला लागला की तो माझ्याकडे येतो. हातात घेऊन बघितला तर पट्टा चांगला असतो, टाके शाबूत असतात, फोमही दबलेला नसतो. मग मी म्हणते, आधी बाळाला घेऊन घालून दाखव. घातला की कारण समोर दिसतं. बाळ फार खाली बसलेलं असतं आणि कापड सैल असतं. कितीतरी जणींनी याच दुखण्यापायी दुसरा, तिसरा कॅरिअर मागवलेला असतो आणि प्रत्येक वेळी खांदा त्याच जागी दुखतो.

भरलेली कळशी कमरेला टेकवून नेली तर लांबवर नेता येते. तीच अंगापासून दूर धरली की चार पावलांत हात भरून येतो. वजन तेवढंच, अंतर बदललं. बाळाचंही तसंच. छातीला चिकटून असलं की त्याचा भार कंबर आणि खांदे वाटून घेतात. ते बोटभर पुढे सुटलं आणि वीतभर खाली आलं, की ते तुम्हाला पुढे ओढतं. तो ओढा सावरायला तुम्ही नकळत कमरेतून मागे झुकता, खांदे वर उचलून धरता, मान पुढे काढता. रात्री कंबर धरते ती यामुळे. पट्ट्यात कितीही फोम भरला तरी हा ओढा कमी होत नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी बघा. कॅरिअर घातल्यावर बाळाच्या पाठीमागे एक हात आधाराला ठेवा आणि थोडं पुढे वाका. बाळ छातीपासून सुटलं, तर कापड सैल आहे. मग सरळ उभं राहून फक्त मान खाली घाला. बाळाच्या टाळूचा मुका सहज घेता आला पाहिजे. त्यासाठी पाठ वाकवावी लागत असेल, तर बाळ खाली आहे. हे दोन्ही जमल्याशिवाय काही उसवू नका, शिवू नका, नवं मागवू नका.

काल बरं वाटलं, आज परत का दुखतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. बहुतेकींची समजूत अशी असते की कॅरिअर एकदा मापाला बसवला की काम झालं. तसं होत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

घरात कॅरिअर एक आणि घालणारे दोघे-तिघे. संध्याकाळी वडील बाळाला घेऊन कंबर तलावाकडे फिरून येतात, पट्टे त्यांच्या अंगाला सैल केलेले असतात, आणि सकाळी आई घाईत तसाच अडकवते. यावर साधा उपाय आहे. कपड्यावर खूण करायच्या मार्करने पट्टीवर रेघ मारा. आईची लाल, वडिलांची निळी, आजी घेत असेल तर तिची आणखी वेगळी. अडकवताना बकल त्या रेघेपर्यंत ओढायचं.

पण रेघाही कायमच्या नाहीत, कारण बाळ थांबत नाही. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास सहा किलोंचं होतं आणि वर्षाचं होईपर्यंत नऊच्या घरात जातं. दर दोन-तीन आठवड्यांनी सगळे पट्टे एकदा पूर्ण सैल करून नव्याने बसवा आणि रेघा पुन्हा मारा. बसायच्या भागाची रुंदी कमी-जास्त होत असेल तर तीही त्याच वेळी बघा.

आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. बाळ रडत असताना अंग ताठ करतं, आपण त्याच अवस्थेत पट्टे ओढतो. पाच-दहा मिनिटांत ते निवांत होतं, अंग सोडतं, आणि कॅरिअरमध्ये एकदम जागा होते. तिथूनच घसरणं सुरू होतं. म्हणून थोडं चालून झालं की थांबा, एका हाताने बाळाचं बूड किंचित उचला आणि दुसऱ्या हाताने पट्टे परत ओढा. बुडाखालचा भार न उचलता पट्टा ओढला तर तो फार सरकतच नाही. मग बाई म्हणते की बकल खराब आहे.

बकलचा कॅरिअर: सुरुवात कमरेपासून

कमरपट्टा आपण पँट किंवा सलवार जिथे बांधतो तिथे बांधला जातो. लहान बाळासाठी ती जागा फार खाली पडते. बाळ तान्हं असताना पट्टा बेंबीच्या पातळीला बांधायचा. बाळ वाढेल तसा तो खाली येतो. कमरपट्टा आधी, बाळ घेण्यापूर्वी, सरळ उभं राहून घट्ट करायचा. तो सैल राहिला की सगळं वजन खांद्यावर जातं, आणि मग माझ्याकडे फोमची मागणी येते.

खांद्याचे पट्टे मानेला खेटून बसले तर मान आखडते, बाहेरच्या टोकाला गेले तर हात वर होत नाहीत. ते खांद्याच्या मधोमध यायला हवेत. पाठीमागे दोन्ही पट्ट्यांना जोडणारी आडवी पट्टी असते, तिची उंची बदलता येते हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. ती दोन्ही फऱ्यांच्या मध्ये हवी. हात पोचत नाही म्हणून ती मानेजवळ लावून ठेवायची आणि दिवसभर मानदुखी सोसायची, असं करू नका. आधी पट्टे सैल सोडा, वरच्या वर अडकवा, पट्टी खाली सरकवा, मग पट्टे घट्ट करा. अरुंद खांद्यांच्या बाईला पट्टे पाठीवर फुलीसारखे घालता येणारा कॅरिअर जास्त सोसतो.

साडीवर कॅरिअर घालणाऱ्यांची तक्रार निराळी असते, आणि कॅरिअरसोबतच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो. कमरपट्ट्याखाली परकराच्या नाडीची गाठ येते आणि तासाभरात तिथे वळ उठतो. निऱ्यांचा गठ्ठा पट्ट्याखाली आला की पट्टा तिरका बसतो आणि चालताना खाली उतरतो. साडी सिंथेटिक असेल तर अजूनच. नाडीची गाठ बाजूला घ्या, पट्टा खोचलेल्या निऱ्यांच्या वर बांधा, आणि निसटतच असेल तर आतून सुती नॅपकिनची घडी घाला. पदराची सेफ्टी पिन बाळ घेण्याआधी काढून ठेवा. मंगळसूत्र मागे टाका किंवा ब्लाउजच्या आत घ्या, नाहीतर बाळाच्या गालावर मण्यांचे व्रण उठतात आणि हाताला लागलं तर ते ओढतंही.

सिझेरियन झालेल्या बाईने कमरपट्ट्याची घाई करू नये. टाक्यांवर पट्टा दाबत असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचं. तोवर बाळाला दुसऱ्या कुणाच्या अंगावर द्या.

श्वासाकडे लक्ष

खांदे दुखतात ते आपल्याला कळतं. तान्ह्या बाळाची मान छातीवर पडली तर ते रडूनही सांगू शकत नाही. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल, म्हणजे एका खांद्यावरून घ्यायच्या कापडी झोळीबद्दल, इशारा दिला, तेव्हा आधीच्या वीस वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते आणि त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये बाळ वळकटी होऊन पडणं आणि नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात दबणं, ही दोन कारणं त्यात सांगितली होती.

त्यामुळे बाळ उभं, पोट तुमच्या छातीला, तोंड वर आणि एका बाजूला, चेहरा कायम दिसणारा असं हवं. हनुवटीखाली तुमची दोन बोटं जायला हवीत. ऊन, धूळ किंवा दृष्ट लागेल म्हणून बाळाच्या तोंडावर ओढणी टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. कॅरिअरमध्ये ती टाकू नका. अंगावर पाजलं असेल तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर, उभं घ्या. मुदतीआधी जन्मलेलं, जन्मताना अडीच किलोंपेक्षा कमी भरलेलं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. दवाखान्यात कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवतात ती कांगारू मदर केअर वेगळी, तिथे नर्सचं लक्ष असतं. तिच्या भरवशावर घरी कॅरिअर बांधू नये.

पाय लोंबतायत का?

कॅरिअरचा बसायचा भाग अरुंद असला की बाळ दोन पायांच्या मधल्या पट्टीवर लटकतं आणि पाय सरळ खाली लोंबतात. बाळाची मांडी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापडावर टेकलेली हवी, आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर. पहिल्या काही महिन्यांत खुब्याची वाटी अजून बरीचशी मऊ कूर्चेची असते, तिला हा आकार मानवतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय ताणून गुंडाळू नका अशी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आपल्या आज्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, पायही सरळ बांधतात. पाय मोकळे सोडा एवढं त्यांना प्रेमाने सांगावं. कडेवर घ्यायची आपली पद्धत मात्र खुब्यांसाठी चांगलीच आहे.

याचा तुमच्या दुखण्याशीही संबंध आहे. लोंबतं बाळ खाली सरकत जातं, आणि खाली सरकलेलं बाळ पुढे ओढतं. मांड्यांना नीट आधार मिळाला तर निम्मी घसरण तिथेच थांबते. बाळाला बसवल्यावर त्याच्या गुडघ्यांच्या मागे हात घालून गुडघे वर आणि बूड खाली, असं हलकं वळवून घ्या. मांड्यांवर लाल रेषा उमटत असतील तर कापडाची कड रुततेय, बसायच्या भागाची रुंदी पुन्हा मापाला बसवा. बाळाचं तोंड बाहेर करून बसवणं मला फारसं पसंत नाही. मान पक्की झाल्यावर थोडा वेळ चालेल, पण बाळ झोपायला लागलं की लगेच आत वळवायचं. पाठीवर घ्यायचं ते बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावर.

रॅप, रिंग स्लिंग, आणि घरातली साडी

अंगाभोवती गुंडाळून बांधायचं, ताणलं जाणारं होजिअरीचं लांब कापड, म्हणजे स्ट्रेची रॅप, तान्ह्या बाळाला फार मऊ लागतो. पण तो बांधतानाच इतका घट्ट बांधावा लागतो की बाळ आत जाईल का अशी शंका यावी. सैल बांधला तर दहा मिनिटांत बाळ पोटाशी येतं. बाळ सात-आठ किलोंचं झालं की कापड झोळायला लागतं. तेव्हा ते आणखी आवळत बसू नका, तो रॅप बाजूला ठेवा. त्यात बाळाला पाठीवर तर कधीच घेऊ नका.

न ताणणारा विणलेला रॅप वर्ष-दीड वर्षाच्या बाळालाही पेलतो. मध्यम अंगाच्या बाईला साधारण साडेचार ते पाच मीटर कापड लागतं. त्यात चूक एकाच ठिकाणी होते: टोकं ओढून घट्ट केलं जातं आणि बाळाच्या पाठीवरचं कापड सैलच राहतं. कापडाची वरची कड, मधला भाग, खालची कड असं थोडं थोडं धरून ओढत यायचं.

रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून कापड ओवून एका खांद्यावर घ्यायची झोळी, दुखते ती बहुधा खांद्यावरच्या कापडामुळे. कापड मानेजवळ गोळा झालं की सगळा भार एका बोटभर जागेवर येतो. ते खांद्यावर पसरून, दंडाच्या सुरुवातीपर्यंत टोपीसारखं बसवा. कड्या गळ्याच्या हाडाच्या जरा खाली असाव्यात. बाळ घेतल्यावर त्या खाली येतात, म्हणून सुरुवातीला थोड्या वर ठेवा. खांदा दर वेळी बदला, एकाच बाजूला सवय लागली की त्या बाजूची मान सारखी आखडते.

स्लिंग शिवून द्या म्हणून बायका जुनी साडी आणतात. साडी उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधा. एक जरी सापडली तर ती साडी दुपट्यांना वापरा. घट्ट विणीची, चांगल्या अवस्थेतली सुती साडी चालू शकते. पॉलिस्टर कड्यांतून निसटतं. कड्या मात्र मी पडद्याच्या किंवा पर्सच्या कधीच लावत नाही, कारण त्यांना सांधा असतो आणि तो सांधा वजनाखाली उघडतो. बाळाच्या स्लिंगसाठी बिनसांध्याच्या ॲल्युमिनियमच्या किंवा जाड नायलॉनच्या कड्या वेगळ्या मिळतात. त्या नसतील तर मी शिवत नाही.

कुणी कुणी सोलापुरी चादरीची स्लिंग करा म्हणतात. चादरीचा मलाही अभिमान आहे, पण ती यासाठी फार जाड आहे. कड्यांतून जात नाही आणि बाळ उकडतं. टेरी टॉवेलचा उपयोग मात्र छान होतो. त्याच्या पट्ट्या कापून, बटणं लावून खांद्याच्या पट्ट्यांवर खोळी चढवायच्या. बाळ पट्टे चोखतं, लाळ गळते, घाम लागतो. खोळ काढून तेवढीच धुवायची. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, अख्खा फोमचा कॅरिअर सारखा धुणं कुणाला परवडतं?

सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना कोणताही कॅरिअर आरामाचा वाटणार नाही, आणि तो दोष कॅरिअरचा नाही. दोन अंगं एकमेकांना चिकटली की दोघांची उष्णता एकत्र होते. स्ट्रेची रॅपमध्ये बाळावर कापडाचे तीन थर येतात. अशा दिवसांत एका थराची सुती रिंग स्लिंग किंवा जाळीच्या पाठीचा कॅरिअर बरा. बाळाला आत फक्त पातळ झबलं घाला, पायमोजे-स्वेटर नको, कॅरिअरचं कापड हाच एक कपडा धरा. दोघांच्या मध्ये मलमलचा तुकडा ठेवला तर घाम टिपला जातो आणि घामोळं कमी येतं.

बाळाच्या हातापायांवरून तापमान ओळखता येत नाही. मानेच्या मागे हात लावून बघा. तिथे घाम आणि चटका लागत असेल, चेहरा लाल असेल, बाळ नेहमीपेक्षा सुस्त असेल, तर लगेच बाहेर काढा, सावलीत न्या, पाजा. तरीही ते मलूल राहिलं तर दवाखाना गाठा. सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर, एवढाच वेळ उन्हाळ्यात कॅरिअरचा. नवी पेठेतली खरेदी दुपारी करायचीच असेल तर बाळाला घरी कुणाकडे तरी ठेवा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मात्र कॅरिअरसारखी सोय नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, बाळ उबेत राहतं. फक्त रेटारेटीत बाळाच्या डोक्यावर हात ठेवा, आणि गरम भजी-चहाच्या गाड्यांपाशी त्याला छातीशी घेऊन उभ्या राहू नका. घरातही तेच: कॅरिअरमध्ये बाळ असताना गॅससमोर जायचं नाही.

स्कूटरवर नको

बाळाला छातीशी बांधायचं आणि नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसायचं, हे शहरात रोज दिसतं. होटगी रोडच्या वाहतुकीत ते बघून माझा जीव वरखाली होतो. कॅरिअर हा अपघातात बाळाला वाचवणारा पट्टा नाही. पडलात तर तुमचं वजन बाळावर येतं. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा हार्नेस लागतो, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. बाळाचा कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे. कारमध्येही बाळ बाळाच्या सीटमध्येच.

एवढं करूनही नवा घ्यावाच लागला तर

बाळ कोणत्या महिन्यात जन्मलं हे मी आधी विचारते. दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या बाळाला थंडीत स्ट्रेची रॅप उत्तम, मार्चपर्यंत ते जडही होतं आणि हवाही तापते, तेव्हा बदलायचाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्याला थेट रिंग स्लिंग घ्या. घरातले तिघे जण वापरणार असतील तर बसायचा भाग कमी-जास्त होणारा, पातळ सुती कापडाचा बकलचा कॅरिअर घ्या. फोम किती जाड यावरून निवडू नका. जाड फोम दुकानात छान वाटतो आणि आपल्या हवेत दोन तासांत ओला होतो. कडक बैठकीचा हिप सीट सहा महिन्यांपुढच्या, सारखं चढ-उतर करणाऱ्या बाळाला सोयीचा, पण सिझेरियननंतर त्याची कड पोटाला लागते. लेबलवर ईएन १३२०९-२ किंवा एएसटीएम एफ२२३६ यांपैकी काही छापलं आहे का बघा, ही बाळाच्या मऊ कॅरिअरची मानकं आहेत.

जावेचा किंवा बहिणीचा वापरलेला कॅरिअर मिळाला तर तोही चांगलाच, फक्त आधी तपासा. जिथे पट्टी कापडाला जोडलेली असते तिथे चौकोनात फुली मारलेला टाका असतो. सगळा भार तो घेतो. तिथला एक जरी धागा तुटला असेल, पट्टीची कड विसविशीत झाली असेल किंवा बकलला केसाएवढी चीर असेल, तर तो कॅरिअर वापरू नका. घरच्या मशीनवर तो टाका पुन्हा मारून देणारी बाई भेटेलही. मी ते करत नाही, तुम्हीही करून घेऊ नका. खोळी, लाळेरं, कापडी टोपी हे कितीही शिवून देईन.

आणि बाळ वर, घट्ट, मांड्यांना आधार असं सगळं असूनही खांद्यातून हाताकडे मुंग्या येत असतील, किंवा बाळंतपणानंतर ओटीपोटात जडपणा जाणवत असेल, तर कॅरिअर काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं पट्ट्याने जाणारं नाही.